मुजऱ्याचा दोरा

बाळगोपाळांनो, आणि त्यांच्यामागे बसून हळूच कान देणाऱ्या थोरांनो, ही गोष्ट फार फार जुनी आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात एक राजा होता. त्याचे वडील, थोरले महाराज, अजून हयात होते. वयामुळे त्यांचे पाय थकले होते. दरबाराच्या पायऱ्या चढणं त्यांना जमत नसे. पण बुद्धी तल्लख होती, जीभ तिखट होती, आणि राज्याची काळजी तर तरुणपणी होती तेवढीच. "आज दरबारात काय झालं?" असं ते दिवसभर विचारत. कुणी सांगायला लागलं की म्हणत, "सांगू नका, दाखवा!"

म्हणून राजाने भिवराला बोलावणं धाडलं.

भिवरा कळसूत्री बाहुल्या नाचवायची. राजाच्या सांगण्यावरून तिने अख्खा दरबार लाकडात कोरला. राजा झाला, राणी झाली, राजपुरोहित, सेनापती, अमात्य, भालदार, चोपदार, सगळे झाले. सकाळी ती दरबाराच्या कोपऱ्यात बसून डोळे भरून पाहायची. दिवेलागणीला थोरल्या महाराजांच्या महालात तोच दरबार बाहुल्यांचा भरायचा. तिचा भाऊ धाकू ढोलकी वाजवायचा आणि सगळ्यांचे आवाज काढायचा. सकाळी राणीसाहेब शिंकल्या असतील, तर संध्याकाळी बाहुलीही शिंकायची.

थोरले महाराज ते पाहून सल्ला देत, आणि राजा तो शिरोधार्य मानी. बाहुल्या खोटं दाखवत नाहीत, अशी सगळ्यांची खात्रीच झाली होती.

आता दरबार म्हटला की मुजरा आला. राजा आत आला की सगळे एकदम वाकतात. त्यासाठी भिवराने एक युक्ती केली होती. प्रत्येक बाहुलीच्या हातापायांना वेगवेगळे दोरे होते, पण माना मात्र सगळ्यांच्या एकाच आडव्या दांडीला बांधल्या होत्या. ती दांडी एका जाड दोऱ्याने वर टांगलेली असे. दोरा सैल सोडला की दांडी खाली यायची आणि अख्खा दरबार झुकायचा. दोऱ्याला एक गाठ होती. गाठ कडीत अडकली की दोरा थांबे. याला ती मुजऱ्याचा दोरा म्हणे.

एके दिवशी सेनापती घोड्यावरून पडले. पाठीला मार बसला. दरबारात ते आता जेमतेम मान तुकवत. बाहुली मात्र पूर्वीसारखीच जमिनीला नाक लावत होती.

"हे काय?" थोरले महाराज म्हणाले. "पाठ मोडलेला माणूस असा वाकतो का?"

भिवराला ते लागलं. तिने दुसऱ्याच दिवशी मुजऱ्याच्या दोऱ्याची गाठ सोडली आणि थोडी अलीकडे बांधली. दोरा लवकर थांबला. सेनापती अगदी बेताने वाकले. तिने दोनदा, चारदा करून पाहिलं. सेनापती दर वेळी हुबेहूब!

"झालं काम," ती धाकूला म्हणाली. "एका गाठीचा तर खेळ होता."

संध्याकाळी सेनापतींना पाहून थोरल्या महाराजांनी मान डोलावली. मग त्यांची नजर पुढे सरकली आणि चेहरा एकदम उतरला.

"अमात्य ताठ उभा आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

झालं होतं असं. बाकीच्या बाहुल्या थोड्या कमी वाकल्या, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण अमात्यांची मान मुळातच आखूड, त्यावर भलं मोठं पागोटं. त्यांची बाहुली दोरा अगदी शेवटपर्यंत सुटला तरच झुकायची. आता ती झुकलीच नाही. आणि भिवराचे डोळे सारा वेळ सेनापतींवर खिळलेले होते.

अमात्य हे थोरल्या महाराजांचे बालमित्र. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. म्हणूनच घाव खोल गेला. "माझ्या मुलापुढे ज्याची मान झुकत नाही," ते म्हणाले, "त्याच्या हाती खजिना नको." मुजऱ्याच्या वेळी राजाची नजर सिंहासनाकडे असे. कोण किती वाकतं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. वडिलांचा शब्द त्याने मानला आणि अमात्यांना पद आणि घर सोडायला सांगितलं.

सकाळी भिवरा राजवाड्याकडे निघाली, तर अमात्यांच्या दारात बैलगाडी उभी. गाडीत भांडीकुंडी भरलेली, वर पोपटाचा पिंजरा. अमात्यांच्या पत्नी डोळे पुसत होत्या.

"कुठे निघालात, अमात्य?"

"माझ्या आजोळी," अमात्य कसंनुसं हसले. "मुजरा करताना माझी मान झुकली नाही म्हणे. पागोटं खाली पडलं असतं तर बरं झालं असतं, भिवराबाई. निदान साक्षीला राहिलं असतं."

काल अमात्यांना वाकताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती धावतच घरी आली, सेनापती आणि अमात्य या दोघांच्याच बाहुल्या टांगल्या, दोरा सोडला. सेनापती वाकले. अमात्य खांबासारखे उभे.

"अगं ताई, गाठ होती तिथे परत बांध," धाकू म्हणाला.

"मग सेनापती पुन्हा लोटांगण घालतील." तिने घाईघाईने शिशाचा एक गोळा घेतला आणि अमात्यांच्या पागोट्यात दडवला. डोकं जड झालं, मान झुकली. "बघ! आता दोघंही बरोबर."

ती राजापुढे जाऊन उभी राहिली. "महाराज, अमात्यांची मान ताठ नव्हती. माझा दोरा आखूड होता."

राजा विचारात पडला. "मी सांगितलं तर वडील म्हणतील, अमात्यांना पाठीशी घालतोय. तूच दाखव त्यांना. तोवर गाडी थांबवतो."

दिवेलागणीला महालात पाय ठेवायला जागा नव्हती. राजा होता, राणी होती, राजपुरोहित होते, आणि दाराशी मान खाली घालून अमात्य उभे होते. धाकूने ढोलकीवर थाप मारली. भिवराने दोरा सोडला.

सेनापती बेताने वाकले. अमात्य झोकात वाकले. भिवराने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण अमात्यांचं डोकं जड, आणि ते दांडीच्या एका टोकाला. दांडी कलंडली. दुसऱ्या टोकाला राजपुरोहित होते. ते पाय झाडत सरळ हवेत गेले! तिथे लोंबकळत त्यांनी एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि जाता जाता राणीच्या डोक्यावरचा मुकुट लाथेने उडवला.

थोरले महाराज हसले. आधी खुदकन, मग खो खो, मग उशीला कवटाळून. "पुरोहितबुवा उडाले! अहो, यांच्या गुडघ्यात तर वात आहे!" खरे पुरोहितबुवाही पोट धरून हसू लागले.

आणि हसता हसता थोरले महाराज थांबले.

"भिवरा, पुरोहितबुवा आज खरंच उडाले का?"

"नाही, महाराज."

"मग अमात्य? त्याची मान?"

भिवराने हात जोडले. "त्यांची मान झुकली होती, महाराज. मी सेनापतींसाठी गाठ हलवली. त्याच गाठीवर सगळा दरबार टांगलेला आहे, याचा विचार केला नाही. आज ते झाकायला आणखी एक खटपट केली, तर पुरोहितबुवा उडाले."

थोरल्या महाराजांनी दाराकडे पाहिलं. "अरे, दोऱ्यावर विश्वास ठेवला आणि तुला एका शब्दाने विचारलं नाही. ये, इकडे बस." अमात्य आले, वाकले, आणि त्यांचं पागोटं थोरल्या महाराजांच्या मांडीवर पडलं. पुन्हा एकदा महाल हसून दणाणला.

दुसऱ्या दिवशी भिवराने शिशाचा गोळा काढून टाकला. गाठ जिथे होती तिथे परत बांधली. मग फक्त सेनापतींची मान दांडीवरून सोडवली आणि तिला स्वतःचा वेगळा दोरा दिला, बेताने वाकण्यापुरता. धाकू म्हणाला, "चल, आता सेनापतींना वाकवून बघू."

"सेनापतींना नाही," भिवरा म्हणाली. "सगळ्यांना."

तिने सगळा दरबारच अंगणात बोलावला. एकेक जण येई, आपल्या बाहुलीशेजारी उभा राही आणि मुजरा करी. बाहुलीही करी. चोपदार म्हणाला, "मी एवढा जाडा आहे?" राणीसाहेबांनी आपल्या बाहुलीला शिंकायला लावलं. पुरोहितबुवांनी तर हट्टच धरला, "मला एकदा उडव गं!" अमात्यांच्या दारातली बैलगाडी तोवर रिकामी झाली होती, आणि पोपट पुन्हा ओसरीवर जाऊन बडबडू लागला होता.

तेव्हापासून भिवराने एका बाहुलीचा केसही बदलला, तरी आधी अख्ख्या दरबाराला मुजरा करायला लावला. त्या राज्यात पुन्हा कुणाला दोऱ्याच्या चुकीपायी घर सोडावं लागलं नाही. थोरले महाराज आणि अमात्य उरलेली सारी वर्षं शेजारी बसून तो खेळ पाहत राहिले.

तात्पर्य : एकासाठी गाठ हलवण्याआधी त्याच दोऱ्याला आणखी कोण कोण बांधलेलं आहे ते पाहावं, आणि हलवल्यावर सगळ्यांना एकदा वाकवून पाहावं.