ट्रेवरून घसरलेलं सरबत

भूगर्भशास्त्रज्ञ केळुसकर सरांनी पैज घेतली आणि तिथंच फसले.

दरड कोसळेल म्हणून डोंगराखालच्या वस्तीला त्यांनी दोन तास 'सच्छिद्रता' नि 'संपृक्तता' ऐकवली. लोकांनी नुसत्या जांभया दिल्या. घर सोडायला कुणी तयार होईना.

नववीत दोनदा बसलेली वैजू उठली. "सर, मी अर्ध्या मिनिटात समजावते. लावता पैज?"

"लाव की!" सर हसले.

वैजूनं ट्रेमध्ये कोकम सरबताचे दोन ग्लास आणले नि ट्रे सरांसमोर तिरका केला. एक ग्लास जागचा हलला नाही. दुसरा सुळकन घसरला तो थेट सरांच्या पांढऱ्या पँटवर!

"याच्याखाली पाणी कुणी ओतलं?" सर ओरडले.

"पावसानं!" वैजूनं डोंगराकडे बोट दाखवलं. "आपला डोंगरपण आतून असाच भिजलाय."

म्हातारा नामूकाका ताडकन उठला. "चला रे, बिऱ्हाडं बांधा!" सगळी वस्ती हलली.

सर पँट पुसत म्हणाले, "हरलो बाई. पण खरं सांग, पाणी कुणी ओतलं?"

वैजूनं मान ताठ केली. "मीच, सर!"