अध्यक्ष अदूष्य असावा

रान लहान होतं, पण त्याला स्वतःचं चर्च होतं, घंटा होती, आणि घंटेपेक्षा जास्त आवाज करणारी कमिटी होती.

चर्चचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारं कासव. ते प्रभूमध्ये झोपी गेले. नेहमीसारखे नुसते झोपलेले नाहीत, हे कमिटीला कळायला तीन रविवार लागले.

नवा अध्यक्ष नेमायचा तर आधी त्याचं शील तपासायचं, असा नियम. शास्त्रात स्पष्ट लिहिलेलं, अध्यक्ष अदूष्य असावा. म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही असा. वाचायचं काम सेक्रेटरी घुबडसरांकडे, आणि सभा भर दुपारी. घुबडसरांनी डोळे बारीक करून वाचलं, "अध्यक्ष अदृश्य असावा."

"आमेन," कमिटी म्हणाली. वाचलेल्या कशालाही ती आमेनच म्हणत असे.

पहिला उमेदवार बैल शांतवन. चर्चचं पाणी तोच ओढायचा, आजाऱ्याच्या दारात तोच उभा असायचा.

"रोज दिसतो," घुबडसरांनी शेरा मारला. "बाद."

दुसरा बिबट्या. तो मुलाखतीलाही आला नाही. कमिटी भारावली.

"मी पाहिलाय त्याला," शेळी सुवार्ताबाई करडाला जवळ ओढून मागून म्हणाली. "माझी दोन करडं नेली त्यानं. आता हे एकच राहिलंय."

"नेताना तोंड पाहिलंत?"

"शेपूट पाहिलं, सर."

"शेपूट म्हणजे उमेदवार नव्हे, बाई. शास्त्रातली पुढची अट. अतिथिप्रिय आहे का?"

"फार," कमिटीतला तरस म्हणाला. "गेल्या साली दोन पाहुणे गेले, अजून सोडले नाहीत."

"आणि शेजारपाजारची साक्ष?"

"त्याला जवळून ओळखणारा कुणी हयात नाही."

"म्हणजे विरोधात साक्ष नाही," घुबडसरांनी लिहून घेतलं. 'दिसत नाही, पण असतो' अशी घोषणा झाली आणि बिबट्या एकमताने निवडून आला.

सुवार्ताबाई घाबरली होती, पण राग त्याहून मोठा होता. तिने शास्त्र मागून आणून अक्षर न् अक्षर वाचलं आणि अर्ज लिहून घुबडसरांपुढे ठेवला.

"सर, इथं अदूष्य आहे. अदृश्य नाही."

घुबडसरांनी चष्मा पुसला, पुस्तक नाकाला लावलं. "चूक झाली खरी," ते म्हणाले. "पण दुरुस्तीला अध्यक्षांची सही लागते. अर्ज तुम्हीच गुहेत घेऊन जा. करडूही न्या सोबत, आशीर्वाद मिळेल."

सुवार्ताबाईने करडाकडे पाहिलं. मग तिने अर्ज शांतपणे चावून खाल्ला.

याला पाच वर्षं झाली. अध्यक्षांविरुद्ध दप्तरी एकही तक्रार नाही. तेव्हा कमिटीने ठराव केला आहे की अध्यक्ष अदूष्यसुद्धा आहेत, आणि पुढची निवडणूक घेण्याचं काही कारण उरलेलं नाही.