मेजाची पहिली आंघोळ

राजवाड्यातल्या मेजावरचा लाखेचा थर पुन्हा सुटला! सोनबा सुताराने नुसतं बोट लावलं, तर सापाच्या कातीसारखा अख्खा पापुद्रा वर आला.

राजा सर्जेराव गरजले, "भाऊबीजेला मेहुणे जेवायला येणार! गेल्या वर्षी त्यांची बाही या मेजाला चिकटली आणि सगळी पंगत हसली. यंदा मेज आरशासारखं चमकलं नाही तर सोनबा, तुझी हत्यारं जप्त आणि तू राज्याबाहेर!"

"वरून थोडा रंधा मारू का, महाराज?"

"खबरदार! आजोबांचं मेज आहे. एक कपचाही निघता कामा नये."

"मग निदान रोजचं तेल तरी..."

हे ऐकताच राजाचे चुलते अप्पासाहेब ताडकन उठले. रोज सकाळी मेजाला जवसाचं तेल चोपडायचं, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं आणि त्याचा तोरा केवढा! "तेल थांबणार नाही! माझे वडील लावायचे, मीही लावणार!"

कशासाठी, ते विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

सोनबाने मान खाली घातली. मोठ्यांसमोर मान खाली घालण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण त्याची लेक भिवरा शेजारीच उभी होती.

"मी चमकवते मेज. रंधासुद्धा लावणार नाही! पण महाराज, उद्यापासून तुम्हाला आणि मेजाला एकच नियम. मेजाला जे मिळत नाही, ते तुम्हालाही नाही. कबूल?"

"आम्ही राजे, ते लाकूड!"

"घाबरलात?"

राजाने मिशीवर ताव दिला. "कबूल!"

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. चौकात राजा पाटावर बसले. सेवकाने सुगंधी तेल अंगभर चोळलं. समोर उटण्याची वाटी होती, कढत पाण्याचा हंडा होता, आणि तेवढ्यात भिवरा हजर!

"थांबा! उटणं नाही, पाणी नाही. मेजाला कधी मिळालंय? थेट अंगरखा घाला!"

"तेलकट अंगावर जरीचा अंगरखा? वेड लागलंय का तुला?"

"शब्द दिलाय, महाराज."

शब्द तर दिला होता. राजाने अंगरखा चढवला. तो पाठीला चिकटला, काखेत गोळा झाला. मिशीवरून तेल ठिबकू लागलं. राणीसाहेबांनी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

"अगं, चिकचिक होतंय!" राजा ओरडले. "तेल लावल्यावर आधी आंघोळ करायची असते, शेंबड्या पोरालाही कळतं एवढं!"

"मग अप्पासाहेबांना का कळत नाही?" भिवरा म्हणाली. "दोन पिढ्या त्या मेजाला तेलावर तेल! आंघोळ एकदाही नाही, आणि वर हुकूम, की लाखेचा अंगरखा घाल! तुम्हाला घटकाभर सोसवेना, महाराज. त्याने किती सोसायचं?"

अप्पासाहेब तडकले, "कार्टे! मोठ्यांना शिकवतेस?"

"शिकायला तुम्ही आलात कधी?"

राजाला असं हसू फुटलं, की पाठीवर अंगरखा टर्रकन उसवला! डोळे पुसत त्यांनी विचारलं, "बरं, मेजाला आंघोळ घालायची कशी?"

"ऊन दाखवायचं, म्हणजे तेल वर येतं. मग शाडूची कोरडी माती चोळायची. ती तेल पिते. झटकायची, पुन्हा नवी चोळायची. लाकूड कोरडं झालं, की लाख बसते. मात्र चोळणारा हात सवयीचा हवा, रोज सकाळी मेज चोळणारा!"

सगळ्यांच्या माना अप्पासाहेबांकडे वळल्या.

"काका," राजा म्हणाले, "बाह्या सारा!"

भाऊबीजेला लाख अशी चमकली, की मेहुण्यांनी मेजात वाकून पाहत आपल्या मिशा नीट केल्या. राजा पोट धरधरून हसले आणि त्याच दिवशी दोन गाड्या सागवान बक्षीस म्हणून भिवराच्या दारात उतरलं. उतरवून घेताना देखरेखीला कोण होतं? कोपरापर्यंत अजून मातीने पांढरे असलेले, आता शिकायला आलेले अप्पासाहेब!