पैलवानाची उरलेली गोळी

एका गावात एक पैलवान होता, बाजीबा नावाचा. अंगानं दांडगा, पण डोक्याचा वापर करायचा नाही अशी जणू शपथच घेतलेली. त्याला डाव येत होता एकच, धोबीपछाड. समोर कुणीही येवो, हा तोच मारायचा.

एकदा त्याच्या मानेवर गळू झालं. डॉक्टर इंदुमतीबाईंनी गोळ्या दिल्या, गळवाच्या जंतूंची भिंत फोडतात त्या. तीन दिवसांत बरं वाटलं, तसं यानं उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवून दिल्या. पूर्ण घे म्हणून बाईंनी चारदा बजावलं होतं. पण ऐकेल तो बाजीबा कसला!

पुढे जत्रा तीन आठवड्यांवर आली आणि त्याच्या कमरेला खाजरा, गोल चट्टा उठला. गजकर्ण. आता तालमीचा नियम असा की अंगावर गजकर्ण असेल त्यानं तांबड्या मातीत उतरायचं नाही. वस्ताद हिंदुराव दारातच एकेकाला वळवून बघत. बाजीबानं चट्टा लंगोटाच्या पट्टीआड लपवला आणि कोनाड्यातल्या गोळ्या गिळल्या. कंबर का खाजवतोस म्हणून वस्तादांनी विचारलं, तर लंगोट काचतोय म्हणाला.

पंधरा दिवसांत तालमीतली आणखी चार पोरं खाजवू लागली. वस्तादांनी आखाडा बंद केला, सगळ्यांच्या लंगोटाच्या पट्ट्या सरकवून बघितल्या आणि सगळ्यांत जुना चट्टा निघाला त्या बाजीबाला दंडाला धरून इंदुमतीबाईंपुढं उभं केलं.

"बाई, भिंत ती भिंत," उरलेल्या गोळ्या घेतल्याचं सांगून बाजीबा म्हणाला. "गळवाच्या जंतूंची भिंत फोडते गोळी, तुमीच सांगितलंतं. मग ह्याची का फोडंना?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग चिडूनच, पण नीट समजावलं. झाडाच्या पेशीची भिंत सेल्युलोजची, म्हणजे कापसाच्या धाग्यात असतं त्याची. गळवाच्या जिवाणूंची भिंत वेगळीच, साखर आणि प्रथिनांचे कण विणून केलेली जाळी. ती गोळी ही जाळी नीट विणू देत नाही. गजकर्ण ही बुरशी. तिच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. तिथं ही गोळी काय करणार? आणि आपल्या पेशींना भिंतच नसते, म्हणून तर जिवाणूंची भिंत मोडणारी गोळी आपल्या पेशी मोडत नाही.

"तू सगळ्यांना एकच डाव मारतोस काय रे?" बाईंनी वैतागून विचारलं.

"व्हय बाई, एकच मारतो," वस्ताद म्हणाले. "म्हणून तर दोन जत्रा हरलाय."

बाईंनी बुरशीचं मलम दिलं. पण ते काम करतं आपल्या चालीनं. जत्रेसाठी थांबत नाही. जत्रेच्या दिवशी हलगी वाजत होती आणि बाजीबा कडेला बसला होता. त्याच्या शेजारी ती चार पोरं. वर्षभर दूध-बदाम खाऊन, जोर-बैठका काढून तयार झालेली, आणि आता नुसती बघत बसलेली. बाजीबाला त्यांच्याकडं बघवेना.

"वस्ताद, चट्टा कधी जाईल?" त्यानं मान खाली घालून विचारलं.

"चट्टा मलमानं जाईल," वस्ताद म्हणाले. "ह्या चौघांचं वर्ष कशानं परत यील, ते सांग."

तात्पर्य: भिंत कशाची आहे हे जाणल्याशिवाय ती पाडायला जाऊ नये, आणि दुखणं लपवणारा आपल्याबरोबर शेजाऱ्यालाही बुडवतो.