ओलूमा

ऐका हं. समुद्राकाठी एक राजा होता आणि त्याला शेवंती नावाची एक लेक होती. लेक पाळण्यात असतानाच तिची आई गेली. मग राजानं काय केलं, दूरच्या बेटावरची नवी राणी करून आणली. राणी स्वभावानं गोड, पण तिची भाषा इथे कुणाला कळेना आणि इथली तिला कळेना. दिवसभर खिडकीत बसून राहायची. ताटाला हात लावायची नाही. वाळून चालली बिचारी.

राजा म्हणाला, "ही इथे जगायची नाही. बेटावरचं जहाज आलं की हिला माहेरी पाठवू."

शेवंतीनं ते ऐकलं. एवढ्या वर्षांनी घरात आई आली होती, आणि तीही चालली.

मग एकदा काय झालं, खिडकीबाहेर चिमणी पिलांना भरवत होती. राणी बघता बघता हळूच म्हणाली, "ओलूमा." शेवंतीला वाटलं, ओलूमा म्हणजे चिमणी. ती धावत जाऊन शिपायांना सांगून आली. झालं, शिपायांनी पिंजराभर चिमण्या धरून आणल्या. राणीनं सगळ्या सोडून दिल्या आणि रडत बसली.

मग अंगणात माळीण आपल्या लेकीच्या केसांना तेल लावून विंचरत होती. राणी म्हणाली, "ओलूमा." आता इथे कुठली आली चिमणी? पण प्रधानजी फार हुशार, बरं का. ते म्हणाले, ओलूमा म्हणजे फणी. लगेच हस्तिदंती फणी आली, दासी आल्या, आणि राणीचे केस विंचरून विंचरून त्यांनी तिला बेजार केलं. राणी आणखी रडली.

मग गोठ्यात गाय वासराला चाटत होती. राणी पुन्हा तेच म्हणाली. प्रधानजी गाय आणायला पळाले. शेवंती नाही पळाली. ती पायरीवर बसून विचार करू लागली. चिमणी नाही, फणी नाही, गायही नाही. मग तिन्हीकडे होतं काय? तिन्हीकडे कुणीतरी कुणाचं तरी मायेनं करत होतं. आणि राजवाड्याची रीत अशी, की राणीचं सगळं दासींनी करायचं, राणीनं कुणाचं काही करायचं नाही. तिला आणून द्यायला काही नकोच होतं रे बाळांनो. ज्याचं मायेनं करावं असं कुणीतरी तिला हवं होतं.

तेवढ्यात बंदराला जहाज लागलं. राणीच्या पेट्या खाली जाऊ लागल्या. शेवंतीनं वेणी सोडली, तेलाची वाटी घेतली आणि राणीच्या पुढ्यात पाठमोरी जाऊन बसली. चुकलं तर? तरी ती म्हणाली, "ओलूमा."

मग डोक्यावर तेल पडलं आणि राणीची बोटं केसांतून फिरू लागली.

निरोप द्यायला आलेल्या राजाला दासी म्हणाली, "महाराज, अशी रीत नाही."

राजा म्हणाला, "राहू दे ती रीत."

जहाज रिकामं परत गेलं. त्या दिवशी राणी पोटभर जेवली, शेवंतीला भरवत भरवत.

पुढे एकदा शेवंती खेळताना पडली. गुडघा फुटला. ती कळवळून म्हणाली, "आई गं." तशी राणी हातातलं टाकून धावत आली. तो शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. पण माळणीची पोर उठताबसता ती हाक मारायची आणि माळीण धावायची, हे राणी खिडकीतून रोज बघत आली होती.

मग ती सगळी सुखानं नांदली. आणि तुम्ही रे? मिटा बघू डोळे, पांघरूण मी घालते.