मेंढपाळाची टाच

वाचकहो, माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि शब्दही साधेच आहेत. शाळा लवकर सुटली. चुकले असेल तिथे सांभाळून घ्या.

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे, एका डोंगराच्या पायथ्याशी, प्रभू येशूला मानणाऱ्या माणसांचे एक लहान गाव होते. डोंगरमाथ्यावर त्यांचे दगडी देऊळ होते. पुनरुत्थानाच्या सणाला, उजाडायच्या आधी, सगळे गाव अनवाणी पायांनी गात गात वर चढत असे.

त्या गावात एक मेंढपाळ राहत होता. दीड वर्ष तो लंगडत होता. मागच्या सणाला त्याला खालीच राहावे लागले. मेंढवाड्याजवळच्या दगडावर बसून त्याने ते गाणे वर वर जाताना ऐकले. आधी त्यात बायकोचा आवाज ओळखू येत होता, मग नुसता सूर उरला, मग तोही विरला. तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. येत्या सणाला आपण त्या गाण्यात असावे.

त्यासाठी त्याने काय केले नाही? उपास धरले. नवस नाही, पण नवसासारखेच काहीतरी मनात बोलला. देवळातल्या पाळकबाबांकडे तर तो दर आठवड्याला जाई. कुठे दुखते असे बाबांनी विचारले की गुडघा पुढे करी. बाबा गुडघ्याला तेल लावत, डोक्यावर हात ठेवत आणि डोळे मिटून प्रार्थना करत. एकदा ते म्हणाले, "अरे, तुझ्या गुडघ्यानं जेवढं तेल प्यायलं, त्यात गावाची सणाची भजी तळून झाली असती." मेंढपाळाला हसू आले नाही. रानात एकटा असला की तो आभाळाकडे बघे आणि विचारी, प्रभू, तू आंधळ्यांना डोळे दिलेस, मग माझ्याकडेच पाठ का?

पण दुखणे गुडघ्यात नव्हतेच. ते टाचेत होते. टाचेत काटा मोडला होता आणि त्यावर कुरूप धरले होते.

गावात काटा काढणाऱ्या हुशार बायका होत्या. मात्र हा काटा हिंगणाचा होता, लांब आणि दाभणासारखा. गावातली सगळी कुंपणे बाभळीची. हिंगणाच्या फांद्या एकाच शेतकऱ्याने नदीपलीकडून आणून आपल्या शेताला लावल्या होत्या. काटा निघाला असता, तर तो कुठला हे गावातल्या पोरालाही कळले असते.

तो शेतकरी वारला होता. ज्या दुपारी सगळे गाव त्याला माती द्यायला गेले, त्याच दुपारी मेंढपाळाने कुंपण बाजूला सारून आपली भुकेली मेंढरे त्याच्या हरभऱ्यात सोडली. माणसे परतताना दिसली, तसा तो मेंढरे हाकत पळाला आणि काटा टाचेत मोडला. संध्याकाळी त्या शेतकऱ्याची बायको उजाड शेत बघून रडू लागली, तेव्हा हे रानडुकरांचे काम आहे असे पहिल्यांदा म्हणाला तो हाच. खुरांचे माग ओळखण्यात त्याचा शब्द शेवटचा, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

सणाच्या आधीच्या गुरुवारी गावात पाय धुण्याची रीत होती. पाळकबाबांच्या अंगणात सगळे रांगेने बसत. ज्याचे पाय धुऊन होत, त्याने परात उचलून शेजारच्याचे पाय धुवायचे. मागच्या वर्षी, मेंढी व्यायला आली आहे असे सांगून तो टळला होता. या वर्षी ओढ अनावर झाली. उन्हे कलताच तो आला आणि रांगेच्या अगदी टोकाला बसला. मागून घाईघाईने एक बाई आली. तिला जागा उरली होती ती त्याच्या अलीकडची. ती त्या शेतकऱ्याची विधवा होती.

परात सरकत सरकत तिच्याकडे आली आणि तिने ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने पाय मागे ओढला.

"गुडघा दुखतो, वहिनी. राहू द्या."

"मी गुडघ्याला हात लावत नाही, भावजी. पाय द्या."

तिने पाय पाण्यात घेतला. तिचा अंगठा टाचेवरून फिरला आणि थांबला. आत काटा आहे, असे ती म्हणाली. इतके दिवस झोपला होता का, असेही म्हणाली. मग तिने सहज विचारले, "कुठं मोडला?"

रानात. एवढा एक शब्द पुरला असता. तो त्याच्या ओठांवर आलाही. पण त्या पहाटेचे दूर जाणारे गाणे पुन्हा त्याच्या कानात उठले, आणि त्याला कळले, आपण दीड वर्ष प्रभूला हाक मारत होतो, आणि तो जवळ आला की गुडघा पुढे करत होतो.

"तुमच्या कुंपणात," तो म्हणाला. "दादांना माती देत होते त्या दुपारी. रानडुकरं नव्हती, वहिनी. माझी मेंढरं होती."

तिने त्याचा पाय सोडला नाही.

"त्या वर्षी माझ्या लेकरांनी मीठ-भाकर खाल्ली," ती म्हणाली. "मी रानडुकरांना शिव्या घालत होते. तुम्हीही घालत होतात, माझ्या शेजारी उभं राहून."

"हो."

ती उठली आणि निघून गेली. मेंढपाळ ओला पाय तसाच धरून बसला. त्याच्याकडे कोणी बघेना. पाळकबाबांनी परात कोणाला उचलू दिली नाही.

बऱ्याच वेळाने ती परत आली. हातात सुई आणि चिमटा होता.

"माफ केलं, असं आज माझ्या तोंडातून निघत नाही," ती म्हणाली. "निघेल तेव्हा निघेल. पण काटा आत ठेवून तुम्हाला जाऊ देणार नाही. हलू नका, दुखेल."

दुखलेच. एवढा रानात राहणारा माणूस, पण सगळ्यांसमोर रडला. काटा बोटाच्या पेराएवढा निघाला.

रविवारी पहाटे तो डोंगर चढला, सगळ्यांच्या मागून, थांबत थांबत. त्याचा सूर जागोजागी चुकत होता. बायकोने मागे वळून पाहिले.

त्याच्याही आधी, पाय धुतल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, त्याने काय केले तेवढे सांगून थांबतो. टाचेला फडके बांधून तो सगळा कळप घेऊन त्या विधवेच्या रिकाम्या शेताशी गेला. मेंढरे शेतात बसली की जमिनीला खत मिळते आणि पुढचे पीक दुप्पट येते. पाऊस लागेपर्यंत कळप इथेच बसवतो, मला काही नको, असा निरोप त्याने तिच्या घरी पाठवला. आणि ती शेतावर येऊन हो म्हणेपर्यंत तो उन्हात, बांधाच्या अलीकडे, उभा राहिला.

बोध: प्रभू बरे करायला उशीर लावत नाही, खरी दुखरी जागा दाखवायला आपणच उशीर लावतो.