कोंडाईच्या खोळी

फार वर्षं झाली, आमच्या गावाला तेव्हा पाटीही नव्हती. डोंगरात बिब्बा पिकायचा आणि गावातल्या बाया दगडावर बिब्बे फोडून आतली गोडंबी काढायच्या. फोडताना काळं तेल उडायचं. जिथे उडेल तिथे कातडी उतायची, फोड यायचे. गावाने मात्र ठरवून टाकलं होतं की जिच्या मनात पाप, तिलाच बिब्बा उततो. म्हणून बाया जखमा पदराखाली झाकायच्या. काय म्हणावं अशा शहाणपणाला!

गावात कोंडाई नावाची शेळ्या राखणारी विधवा होती. तिची सून गया बाळंतीण होती. तिच्या हाताच्या तेलाने तान्ह्याच्या गालावर फोड आले, तेव्हा लेकराला घ्यायचीच तिला भीती वाटू लागली. कोंडाईने बाभळीच्या सालीत बकऱ्याचं कातडं कमावलं आणि सुनेच्या हातांसाठी खोळी शिवल्या.

पहिल्या दिवशी गयाचा ढीग सगळ्यांत लहान. बाया हसल्या. पण आठवडा सरला तशा त्या एकेक करून सुजलेले हात घेऊन घरी पडल्या. गया रोज येत राहिली. असं म्हणतात, तिची टोपली भरायला लागली की वरून शीग ओसंडायची.

माल घेणाऱ्या पेमाशेठने हे पाहिलं. त्याला सगळ्यांचेच हात झाकायचे होते, पण लवकर आणि स्वस्तात. त्याने माप घ्यायला म्हणून गयाच्या खोळी उसवल्या आणि तशाच पोत्याच्या शिवून गयासकट सगळ्यांना वाटल्या.

कोंडाई त्याच्या दारात गेली. "शेठ, पोतं तेल पितंय, आन् हातालाच पाजतंय. असं करू नगा."

"झाकल्याशी मतलब," शेठ म्हणाला.

बाया भरवशाने बसल्या. तेल पोत्यात मुरलं आणि दिवसभर कातडीला चिकटून राहिलं. गयाने कपाळावरचा घाम त्याच पोत्याने पुसला, आणि तेल डोळ्यांत उतरलं. तिचे डोळे गेले. लेकराचा चेहरा तिला पुन्हा दिसला नाही. गावातला एकही हात धड राहिला नाही. दगड गप्प झाले, झाडाखाली बिब्बे सडले, आणि शेठ रिकाम्या गाड्या घेऊन गेला.

मग कोंडाई सगळ्यांसाठी शिवायला बसली. तिने एकही शेळी ओढून आणली नाही. असं म्हणतात, शेळ्या आपणहून दारात येऊन उभ्या राहायच्या आणि मान खाली घालायच्या. कोंडाई प्रत्येकीची माफी मागायची. एकेका बाईचे हात झाकत गेले, गोठा रिकामा होत गेला.

घर चालायला हवं म्हणून सुनेच्या दगडावर ती स्वतः बसायची, उघड्या हातांनी. गया म्हणायची, "आत्याबाई, आधी तुमच्यासाठी शिवा ना."

"शिवते की," कोंडाई म्हणायची. तिच्यापर्यंत कातडं पोचलंच नाही. जखमा चिघळल्या, ताप चढला, आणि शेवटच्या बाईची खोळ पुरी करून ती गेली.

आजही आमच्याकडे हंगामाआधी प्रत्येक खोळीत तेल ओतून ती उन्हात टांगतात. एक थेंब जरी बाहेर आला तरी ती जाळतात. ही पारख होईतोवर कुणी कुणाला "हात चालव" म्हणत नाही. आणि सगळ्यांत आधी एक जोड कोंडाईचा शिवतात, चांगल्यातल्या चांगल्या कातड्याचा. तो कुणी घालत नाही. बाया त्याला हात जोडतात. मला मात्र दर वर्षी तो जोड पाहिला की रडू येतं, कारण तो तिला तेव्हा हवा होता.